लहान शेतासाठी लहान ट्रॅक्टर : निवडीपूर्वीचा हिशेब

महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या जमिनीचा आकार गेल्या अर्धशतकात फार लहान झाला आहे. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ साली राज्यात दर खातेदारामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती; २०१५-१६ च्या गणनेत हे क्षेत्र १.३४ हेक्टरवर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकरांवर आले. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले, शेते अरुंद झाली. दुसरीकडे बैलजोडी वर्षभर पोसणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. चारा विकत घ्यावा लागतो, गायराने उरली नाहीत आणि बैल धरणारा गडी ऐन हंगामात मिळत नाही. अशा स्थितीत पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरकडे लहान शेतकऱ्याचे लक्ष जावे हे स्वाभाविकच आहे.

परंतु ट्रॅक्टर ही बैलाप्रमाणे बाजारात नेऊन दुसऱ्या दिवशी बदलून आणता येणारी वस्तू नव्हे. तो बहुधा कर्ज काढून घेतला जातो. सातबाराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढतो आणि पुढील पाच ते नऊ वर्षे पाऊस पडो अथवा न पडो, हप्ता भरावाच लागतो. योग्य निवडलेले यंत्र घराला हात देते, चुकीचे निवडलेले यंत्र गोठ्यात उभे राहून जमीन खाते. म्हणून कोणत्या कंपनीचा ट्रॅक्टर घ्यावा, या प्रश्नाच्या आधी आपल्या शेताला कोणत्या कामासाठी, किती रुंदीचा आणि वर्षातून किती तास ट्रॅक्टर लागणार आहे, हा प्रश्न शेतकऱ्याने स्वतःस विचारला पाहिजे. या लेखात तोच विचार क्रमाने मांडला आहे.

आठ बैलांच्या नांगराचा धडा

दख्खनच्या भारी काळ्या जमिनीत हरळी-कुंद्याचा बीमोड करण्यासाठी जड लोखंडी नांगर चालविण्याची चाल जुनी आहे. अशा नांगरास सहा किंवा आठ बैल जुंपावे लागत. तथापि, या एका नांगरटीसाठी कोणीही आठ बैल घरी बाळगीत नसे. शेजारचा आपली जोडी घेऊन येई, आपण त्याच्याकडे जात असू, कोठे सावड होई तर कोठे इर्जिक घातले जाई. घरची एक जोडी मात्र कुळवणी, पेरणी, कोळपणी आणि गाडी या वर्षभराच्या कामांना पुरेल एवढीच असे.

जुन्या शेतकऱ्यांच्या या व्यवहारात यंत्र निवडीचे सूत्र सापडते. वर्षभर पुन्हा पुन्हा करावी लागणारी हलकी कामे ज्या यंत्राने होतील ते घरचे असावे आणि वर्षातून अथवा दोन-तीन वर्षांतून एकदा येणारे जड काम भाड्याच्या मोठ्या यंत्राने करून घ्यावे. ज्याने एका खोल नांगरटीच्या धाकाने पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तीन एकरांवर आणला, त्याने जणू आठ बैल एका दावणीला बांधले. उलट, लहान ट्रॅक्टर आणून त्याच्याकडून आठ बैलांचे काम करून घेऊ पाहणाऱ्याचीही निराशाच होते. ही निराशा का होते, हे समजण्यासाठी अश्वशक्तीचा अर्थ थोडा नीट पाहिला पाहिजे.

अश्वशक्ती आणि ओढ

एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. चांगली बैलजोडी सतत काम करताना साधारण एक अश्वशक्ती देते. यावरून अठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अठरा बैलजोड्यांचे काम करील असा समज होतो, तो बरोबर नाही. विक्रेता सांगतो ती इंजिनाची शक्ती होय. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस अवजारे फिरविण्यासाठी जो दांडा असतो, ज्यास सर्वत्र पी.टी.ओ. म्हणतात, तेथे पोहोचेपर्यंत तीत साधारण दहा ते पंधरा टक्के घट होते. चाकांमधून अवजार ओढण्यासाठी मिळणारी शक्ती त्याहून कमी असते. भुसभुशीत किंवा ओल्या जमिनीत ती इंजिनाच्या शक्तीच्या निम्म्यावरही येते.

ओढीचा हिशेब कोणत्याही शेतकऱ्यास करता येतो. अवजारास लागणारी ओढ किलोमध्ये घ्यावी, तिला ताशी किलोमीटरमधील वेगाने गुणावे आणि २७० ने भागावे, म्हणजे लागणारी अश्वशक्ती मिळते. समजा, मध्यम भारी जमिनीत एका फाळाचा नांगर २५ सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल चालवावयाचा आहे. मातीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरला तर ५०० चौरस सेंटिमीटरला ३५० किलो ओढ लागेल. ताशी ३ किलोमीटर वेगाने यास सुमारे ३.९ अश्वशक्ती पुरे होते. कागदावर अठरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे काम सहज झेपावयास हवे.

शेतात मात्र तसे घडत नाही, कारण तेथे इंजिनाआधी चाकाची पकड अपुरी पडते. लहान ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन बहुधा ६०० ते ९०० किलो असते आणि एवढ्या वजनाचे यंत्र शेतजमिनीत आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून थोड्या अधिक वजनाएवढीच ओढ न घसरता सतत देऊ शकते. ८०० किलोच्या ट्रॅक्टरकडून ३५० किलोची ओढ दिवसभर मागितली की चाके जागेवर फिरू लागतात. टायर झिजतो, डिझेल जळते, चाकाखालची माती घोटली जाते आणि काम पुढे सरकत नाही. चाकांवर लोखंडी वजने बसविणे, टायरमध्ये पाणी भरणे, चारही चाकांना गती देणारा ट्रॅक्टर घेणे, या उपायांनी पकड सुधारते. पण लहान ट्रॅक्टर त्यायोगे मोठा होत नाही.

रोटाव्हेटरची गोष्ट वेगळी आहे. त्यात शक्ती चाकांच्या पकडीतून न जाता पी.टी.ओ.मधून थेट पात्यांना मिळते आणि फिरती पाती ट्रॅक्टरला थोडी पुढेच ढकलतात. म्हणून वजनाने हलका ट्रॅक्टर रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, पाण्याचा पंप अशा फिरत्या अवजारांवर आपली शक्ती पुरेपूर वापरू शकतो. लहान ट्रॅक्टरचे खरे क्षेत्र हेच होय. त्याखेरीज हलका कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र, सरी पाडणे, आंतरमशागत आणि लहान ट्रॉलीची वाहतूक ही कामे तो चांगली करतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. वर्षानुवर्षे केवळ रोटाव्हेटरच फिरविल्यास पाती ज्या खोलीवर घासतात तेथे कठीण थर तयार होतो, पाणी मुरत नाही आणि मुळे अडतात. सबब, दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळ्यात भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने खोल नांगरट करून घ्यावी. हा खर्च लहान ट्रॅक्टर घरी असतानाही धरावयाचा असतो.

आधी शेत मोजावे

दुकानात जाण्यापूर्वी शेतकऱ्याने टेप घेऊन आपल्या शेतात फिरावे. पुढील मापे कागदावर उतरवून घ्यावीत.

पहिले माप दोन ओळींतील मोकळ्या जागेचे. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागेत ओळींमधील अंतर ९ फूट असले तरी प्रत्यक्षात वेलींचे ओलांडे, लोखंडी अँगल आणि ठिबकच्या नळ्या सोडून जाण्यास मिळणारी वाट बरीच कमी असते. डाळिंबात ओळी १५ फुटांवर असल्या तरी पसरलेल्या काटेरी फांद्यांनी वाट अरुंद होते. ट्रॅक्टरच्या बाहेरील रुंदीहून दोन्ही बाजूंस किमान फूटभर जागा सुटली पाहिजे. अनेक लहान ट्रॅक्टरांची बाहेरील रुंदी तीन फुटांच्या आसपास ठेवता येते आणि काहींत चाकांमधील अंतर कमी-जास्त करता येते. कपाशी, तूर, ऊस यांत आंतरमशागत करावयाची असल्यास ही सोय पाहूनच निवड करावी.

दुसरे माप उंचीचे. मांडवाखालून किंवा फांद्यांखालून जाताना बॉनेट, स्टिअरिंग आणि चालकाचे डोके यांना जागा हवी. धुराडे उभे असेल तर ते पानांना भाजते, म्हणून बागायतदाराने आडव्या किंवा खालून जाणाऱ्या धुराड्याचा ट्रॅक्टर पाहावा.

तिसरे माप वळणाचे. ओळीच्या टोकाला बांधापर्यंत किती जागा आहे हे मोजावे. मागे अवजार जोडलेले असताना ट्रॅक्टर एका दमात वळला पाहिजे. प्रत्येक ओळीला मागे-पुढे करावे लागले तर अर्धा वेळ वळण्यातच जातो.

चौथे माप अवजाराचे. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या दोन्ही टायरांच्या बाहेरील कडांपेक्षा थोडा अधिक रुंद असावा, नाहीतर चाकाने दाबलेली माती तशीच मागे राहते. परंतु तो शक्तीहून रुंदही असू नये. अठरा-वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास साधारण तीन फुटांचा रोटाव्हेटर योग्य ठरतो. विक्रेत्याच्या आग्रहाने चार-पाच फुटांचा रोटाव्हेटर जोडल्यास इंजिन दबते, धूर काढते आणि लवकर दुरुस्तीस येते. हायड्रॉलिक किती किलो वजन उचलते हेही येथेच पाहावे.

प्रदेशाप्रमाणे निवड

विदर्भ-मराठवाड्याच्या खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात वाफसा येण्याचे दिवस थोडे असतात. तेथे हलक्या ट्रॅक्टरचा एक लाभ असा, की तो जमीन कमी दाबतो आणि मोठ्या ट्रॅक्टरच्या आधी शेतात शिरू शकतो. पेरणी व डवरणीसाठी तो उपयोगी, मात्र उन्हाळी नांगरटीस नव्हे. पश्चिम महाराष्ट्रातील बागायतीत फवारणी व आंतरमशागतीची कामे वर्षभर चालतात, तेथे लहान ट्रॅक्टरला सर्वांत अधिक काम मिळते.

कोकणातील स्थिती निराळी आहे. भाताची खाचरे लहान, बांध उंच, एका खाचरातून दुसऱ्यात जाण्याची वाट अरुंद. तेथे चिखलणीसाठी पुष्कळदा पॉवर टिलर हेच सोयीचे यंत्र ठरते, कारण तो उतरवून-चढवून नेता येतो आणि कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. मात्र त्याच्यामागे चालावे लागते. ६० सेंटिमीटर रुंदीने एक एकर चिखलणी करावयाची तर चालकास सुमारे पावणेसात किलोमीटर चालणे पडते. घरात तरुण हात किती आहेत, याचाही विचार म्हणून करावा लागतो. खाचरे मोठी व रस्त्यालगतची असतील आणि आंबा-काजूच्या बागेतही काम असेल, तर चारही चाकांना गती देणारा हलका ट्रॅक्टर विचारात घेता येईल.

तासांचा हिशेब

आता मुख्य प्रश्न पैशाचा. खालील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. शेतकऱ्याने त्यांच्या जागी आपल्या गावचे भाव घालून हिशेब करावा. किमती विचारताना हे लक्षात ठेवावे, की ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे दरपत्रक ग्राह्य धरू नये.

समजा, लहान ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व इतर एक-दोन अवजारे मिळून ५ लाख रुपये लागले. दहा वर्षांनी त्यांचे ५० हजार रुपये येतील असे धरल्यास दरवर्षीची घसारा रक्कम ४५ हजार रुपये होते. गुंतलेल्या सरासरी रकमेवर १० टक्के दराने व्याज २७ हजार ५०० रुपये. विमा, निवारा वगैरेंसाठी किमतीच्या २ टक्के म्हणजे १० हजार रुपये. ट्रॅक्टर एक तासही न चालविता वर्षाला ८२ हजार ५०० रुपये असे खर्ची पडतात. यास स्थिर खर्च म्हणतात.

चालविण्याचा खर्च वेगळा. ताशी २ लिटर डिझेल ९० रुपये दराने १८० रुपये, तेल व दुरुस्ती ६० रुपये, चालकाची मजुरी १०० रुपये, मिळून ताशी ३४० रुपये. घरचा मुलगा चालवीत असला तरी मजुरी धरावी, कारण तो वेळ त्याने दुसऱ्या कामास दिला असता.

ट्रॅक्टर वर्षाला १०० तास चालला तर दर तासाचा एकूण खर्च १,१६५ रुपये पडतो. २५० तास चालला तर ६७० रुपये आणि ५०० तास चालला तर ५०५ रुपये. गावात असाच ट्रॅक्टर ताशी ८०० रुपयांनी भाड्याने मिळत असेल, तर भाड्यातून चालविण्याचा खर्च वजा जाता तासाला ४६० रुपये वाचतात. ८२ हजार ५०० रुपयांचा स्थिर खर्च भरून निघण्यास अशा सुमारे १८० तासांचे काम हवे. त्याहून कमी काम असेल तर भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त, अधिक असेल तर घरचा स्वस्त.

आता हे तास कसे मोजावयाचे ते पाहू. तीन फुटांहून थोडा कमी, म्हणजे ०.९ मीटर रुंदीने काम करणारा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला आणि वळणे, थांबणे यांत चौथा हिस्सा वेळ गेला, तर एका एकरास सुमारे अडीच तास लागतात. पेरणीस एकरी एक तास, बागेतील फवारणीस एकरी पाऊण तास, बागेतील आंतरमशागतीस दोन्ही फेऱ्या मिळून एकरी दोन तास धरू.

पाच एकरांच्या दोन शेतकऱ्यांची तुलना करावी. पहिल्याकडे खरिपात सोयाबीन व रब्बीत हरभरा आहे. दोन हंगामांचा रोटाव्हेटर २५ तास, पेरणी १० तास, दोन कोळपण्या १० तास आणि वाहतूक १५ तास, असे मिळून त्याचे काम ६० तासांचे होते. दुसऱ्याकडे दोन एकर द्राक्षे, एक एकर भाजीपाला आणि दोन एकरांत सोयाबीन-गहू आहे. द्राक्षांस वर्षाच्या तीस फवारण्या धरल्यास ४५ तास, पाच आंतरमशागती २० तास, सोयाबीन-गव्हाची मशागत व पेरणी १४ तास, भाजीपाल्याची मशागत, वाफे व फवारणी १५ तास, शेणखत व मालाची वाहतूक २५ तास. त्याचे काम ११९ तासांचे होते.

जमीन दोघांची सारखीच, पण कामात दुपटीचा फरक आहे. तरीही दुसऱ्याचे काम १८० तासांस पोहोचत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याने ट्रॅक्टर घेतला तर शेजाऱ्यांकडे आणखी ६० तास काम करावे लागेल. फवारणीस एक दिवसाचा उशीर झाल्याने करपा अथवा केवडा बागेत शिरतो, तेव्हा होणारे नुकसान भाड्याच्या हिशेबात येत नाही. त्या खात्रीसाठी बागायतदाराने काही अधिक खर्च सोसला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. पण पहिल्या शेतकऱ्याने, केवळ शेजाऱ्याने घेतला म्हणून, ट्रॅक्टर घेणे हे जमिनीवर विनाकारण बोजा चढविणे होय. त्याने भाड्याच्या ट्रॅक्टरवर काम भागवावे आणि उरलेला पैसा विहीर, ठिबक किंवा जनावरांत गुंतवावा.

अनुदान आणि सावड

लहान ट्रॅक्टरसाठी शासनाचे अर्थसाहाय्य उपलब्ध असते. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले. त्यात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमातीचे शेतकरी यांना इतरांपेक्षा अधिक दराने अनुदान ठेवण्यात आले. राज्यात अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी खरेदी केल्यास अनुदानाचा हक्क जातो, हे विसरू नये. अनुदानाच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू वर्षाचे दर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून विचारून घ्यावेत.

अनुदानामुळे हिशेब सोपा होतो, पण तो संपत नाही. वरील उदाहरणात १ लाख रुपये अनुदान मिळून किंमत ४ लाख रुपये झाली असे धरले, तर स्थिर खर्च ६६ हजार रुपयांवर येतो आणि तो भरून निघण्यास सुमारे १४३ तासांचे काम लागते. म्हणजे द्राक्षे असलेल्या शेतकऱ्यासही सुमारे २५ तास बाहेरचे काम हवे आणि सोयाबीनवाल्यास ८० तासांहून अधिक. अनुदान मिळते म्हणून यंत्र घ्यावयाचे, हा क्रम उलटा आहे. काम आहे म्हणून यंत्र घ्यावे आणि मग अनुदान मिळते का ते पाहावे.

कामाचे तास वाढविण्याचा दुसरा मार्ग जुन्या सावडीचाच आहे. लगतच्या शेतांचे दोन-तीन भाऊ किंवा शेजारी यांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला, तर तिघांचे काम एकत्र होऊन यंत्र रिकामे राहत नाही. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांना अवजारे बँकेसाठीही साहाय्य मिळते. मात्र भागीदारीत तीन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात. कोणाची पाळी कधी, डिझेल व दुरुस्तीचा खर्च तासाप्रमाणे की एकराप्रमाणे, आणि यंत्र मोडले तर जबाबदार कोण. डॅशबोर्डावरील तासांचे मीटर हा या बाबतीत निःपक्षपाती साक्षीदार असतो. प्रत्येकाने आपले तास वहीत उतरवून सही करावी, म्हणजे तंट्यास जागा राहत नाही.

चाचणी अहवाल आणि स्वतःच्या शेतातील परीक्षा

मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र शासनाची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था असून तिची स्थापना १९५५ साली झाली. तेथे ट्रॅक्टरची भारतीय मानकानुसार चाचणी होते. पी.टी.ओ.वरील शक्ती, डिझेलचा वापर, ओढ, हायड्रॉलिकची उचलण्याची क्षमता, ब्रेक, वजन व रुंदी यांची मोजमापे तिच्या अहवालात नमूद असतात. विक्रेत्याकडे रंगीत पत्रकाऐवजी हा अहवाल मागावा. दोन ट्रॅक्टरांची तुलना इंजिनाच्या अश्वशक्तीवरून न करता अहवालातील पी.टी.ओ. शक्ती व डिझेलच्या वापरावरून करावी. अहवाल समजण्यास कठीण वाटल्यास राहुरी, अकोला, परभणी अथवा दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या अवजारे विभागाचा सल्ला घ्यावा.

अहवालाइतकीच स्वतःच्या शेतातील परीक्षा महत्त्वाची आहे. विक्रेत्यास प्रात्यक्षिक आपल्याच शेतात, आपल्याच वाफशावर व घ्यावयाच्या अवजारासह करून दाखविण्यास सांगावे. त्या वेळी घसरण मोजण्याची एक सोपी रीत आहे. मागील चाकावर खडूने खूण करावी. अवजार उचललेले असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती मीटर गेला ते मोजावे. नंतर अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिले अंतर ३२ मीटर व दुसरे २८ मीटर आले, तर घसरण साडेबारा टक्के झाली. ओढीच्या कामात पंधरा टक्क्यांपर्यंत घसरण चालण्यासारखी आहे. त्याहून बरीच अधिक आली, तर तो ट्रॅक्टर त्या अवजारास हलका पडतो असे समजावे. ही परीक्षा कल्टिव्हेटर अथवा नांगर जोडून करावी. रोटाव्हेटर स्वतः ट्रॅक्टरला ढकलीत असल्याने त्यावर पकडीचा अंदाज येत नाही.

यानंतर सुट्या भागांची चौकशी करावी. तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणारा कारागीर आहे काय, क्लच प्लेट, फिल्टर, रोटाव्हेटरची पाती, टायर ही नेहमी लागणारी सामग्री त्याच आठवड्यात मिळते काय, हे त्या ट्रॅक्टरच्या दोन-तीन जुन्या मालकांस जाऊन विचारावे. चांगला ट्रॅक्टर सुट्या भागासाठी पेरणीच्या दिवसांत पंधरा दिवस उभा राहिला, तर त्याच्या चांगलेपणाचा शेतकऱ्यास काही उपयोग नाही.

चालविणाऱ्याची सुरक्षितता

अरुंद ट्रॅक्टर बागेत सोयीचा असतो, पण अरुंदपणामुळेच तो बांधावर लवकर कलतो. बांध चढताना-उतरताना तिरके जाऊ नये, सरळ व सावकाश जावे आणि वळताना वेग कमी करावा. मडगार्डवर मुलांना किंवा मजुरांना बसविण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती प्राणघातक आहे. पी.टी.ओ.च्या दांड्यावरील संरक्षक आवरण अडचण म्हणून काढून टाकले जाते. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या दांड्यात धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर अडकला, तर माणसास हात सोडविण्याइतकाही वेळ मिळत नाही. आवरण असलेले यंत्रच घ्यावे, ते जागेवर ठेवावे, आणि रोटाव्हेटरमध्ये अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे. परिवहन कार्यालयातील नोंदणी, विमा व चालकाचा परवाना या बाबतींत हयगय करू नये. अपघात झाल्यास त्यांच्या अभावी सारी भरपाई शेतावर येऊन पडते.

बैल विकण्यापूर्वी

ट्रॅक्टर आल्याबरोबर बैलजोडी विकून अनामत भरण्याचा मोह होतो. त्यापूर्वी एक हंगाम थांबणे हितावह आहे. बैल शेणखत देतात आणि पावसाने ओल्या झालेल्या रानात ट्रॅक्टर शिरू शकत नाही तेव्हा कोळपे चालवितात. कोणती कामे ट्रॅक्टरने खरोखर उचलली आणि कोणती अद्याप बैलांवरच आहेत, हे एका हंगामात स्पष्ट होते. बैल ठेवणे शक्य नसेल, तर शेणखतासाठी एखादी गाय किंवा म्हैस तरी दावणीस असावी. रोटाव्हेटरने वरचेवर घोळलेल्या जमिनीस सेंद्रिय खताची गरज अधिकच भासते.

निवडीचा क्रम असा ठेवावा. प्रथम वर्षातील कामांची यादी व त्यांचे तास मांडावेत. तास पुरेसे नसतील, तर भाड्याचा ट्रॅक्टर किंवा भागीदारी यांचा विचार करावा. तास पुरेसे असतील, तर ओळींची रुंदी, उंची व वळण मोजून त्यांत बसणारी यंत्रे निवडावीत. त्यांपैकी चाचणी अहवालात व स्वतःच्या रानात उतरणारे यंत्र, जवळ दुरुस्तीची सोय पाहून, पसंत करावे. अश्वशक्ती, रंग आणि हप्त्याची सवलत या गोष्टी सर्वांत शेवटी याव्यात.

पेरणीची धांदल सुरू झाल्यावर असा विचार करण्यास सवड मिळत नाही आणि त्याच वेळी विक्रेत्याची गाडी दारात येते. म्हणून ज्यांस ट्रॅक्टर घ्यावयाचा आहे, त्यांनी सुगी संपून हातात थोडा वेळ असताना ही यादी करून ठेवावी. एक वही आणि एक टेप एवढीच सामग्री त्यास लागते.